आत्या मोजत नाहीत

नको, नको — त्या पातेल्याला तू हात लावू नकोस, नोरा. बस तू. रात्रभर विमानात अवघडून आलीस, पाय बघ कसे सुजलेत, बस म्हणते ना. मसाला तुझा चांगलाच असणार गं, मी कुठं नाही म्हणतेय — ठाण्याहून भाजून, कुटून, तीन-तीन पिशव्यांत बांधून आणलास — पण आशेरला आता माझ्या मसाल्याची सवय झालीय. जीभच ती, दीड वर्षात वळण लागतंच. पहिल्या शुक्रवारी आला तेव्हा म्हणाला होता, "आत्या, आईची आमटी लाल असते." मी म्हटलं, असेल बाबा, आज पिवळी खा. आणि आता? आता दोनदा मागून घेतो. तुझ्या आमटीला नावं ठेवतेय असं नाही. ठेव तो मसाला वर फळीवर, माझा संपला की काढू. संपला की म्हटलं मी — आज नाही.

अशी न सांगता आलीस ना, त्यानं सगळा घोटाळा झाला. टॅक्सीचं दार वाजलं, मी गॅलरीतून वाकून बघते तर खाली तू — दिमोनाच्या या उन्हात, अंगावर विमानातली शाल! एक फोन केला असतास तर घर तरी आवरलं असतं. आणि त्या आतल्या खोलीत नको जाऊस हं. त्याचीच आहे खोली, पण पसारा आहे, पोरगाच तो — कपडे, बूट, कुठले कुठले पट्टे, पिशव्या — मी आवरते मग. तू चहा घे आधी. हे गेलेत गोळ्या आणायला, शुक्रवारी एक वाजला की इथं दुकानं बंद व्हायला लागतात, आणि यांना बरोबर एकलाच आठवतं. आशेर तीनच्या बसनं येतो. त्याच्यानंतर बस नाही, मग शब्बाथ, उद्या रात्रीपर्यंत सगळं बंद. आत्ता किती झाले? दीड. हं. म्हणजे दीड तास आहेत आपल्याकडं.

काय? दोन तिकिटं? — बघू. बारा तारखेची. त्याचं पण काढलंस? त्याला विचारलंस तरी का? नाही, मी कुठं काय म्हणाले — घेऊन जा ना! तुझाच आहे. दीड वर्षाचं ठरलं होतं, पुढच्या रविवारी दीड वर्ष भरतंय, हिशेब तुझा बरोबर आहे. मी काय त्याला कुलूप लावून ठेवलंय? तुला तेवढंच वाटतं नेहमी, मिलकाताई धरून ठेवते. मी कुणाला धरून ठेवलं सांग बघू आयुष्यात. उलट माझंच — जाऊ दे. नाही, बोलतेच आता. मेनाशीचे कागद झाले होते, माहितेय ना तुला? अठ्ठ्याहत्तर साली मी इस्रायलला आले, बावीस वर्षांची, आणि धाकटा भाऊ शाळा संपली की मागून येणार, असं ठरलेलं. आई-बाबांनी मला म्हणूनच पाठवलं — तू जा, जागा कर, मेनाशी येतो. मी जागा केली. गिरणीत रात्रपाळी करून हे घर घेतलं, दोन खोल्यांचं, एक खोली त्याची म्हणून. त्याचे कागद झाले, शिक्के झाले, आणि गेला पनवेलला कुणाच्या तरी लग्नाला. तिथं तू होतीस, निळी साडी नेसून. झालं. तू अडवलंस असं मी कधीच म्हटलेलं नाही, पण तो आला का? एकदा आला, आठ दिवस, तुला घेऊन, आणि त्या खोलीत तुमच्या बॅगा ठेवल्या. आणि गेला तेव्हा मला फोन आला तो मूठमाती दिल्यावर. तुम्ही तरी काय करणार, आपल्यात थांबत नाहीत — मला कळतं गं. पण माझा भाऊ होता तो. तुझा नवरा व्हायच्या आधी पंचवीस वर्षं माझा भाऊ होता.

पी, पी, चहा गार होतोय.

तर मी काय सांगत होते — आशेर आला तेव्हा खरं सांगू, मला वाटलं, आला. मेनाशी आला. तेच कपाळ, तोच कान खाजवायचा चाळा. तुला तर तो म्हणाला होता फिरायला चाललोय, नाही का? आत्याकडं दोन महिने. आणि इथं येऊन आठव्या दिवशी मला म्हणतो, आत्या, मला सैन्यात जायचंय. मी म्हटलं, वेडा की खुळा, तू ठाण्याचा, तुला कोण घेणार! तर त्याला सगळं पाठ. म्हणाला, घेतात. बाहेरच्या देशातला असला तरी घेतात, नागरिक व्हायची गरज नाही — वय चोवीसच्या आत पाहिजे, आणि आजी-आजोबांत एक तरी यहुदी असल्याचा पुरावा पाहिजे. पुरावा! मला हसायलाच आलं. दोन हजार वर्षं कोकणात तेल गाळलं, शनिवारी घाण्याला बैल जुंपला नाही, आणि आता पुरावा म्हणे. मग तू नाही का ठाण्याच्या सिनेगॉगमधून सेक्रेटरीचं पत्र पाठवलंस, बाबांच्या लग्नाचा करार पाठवलास, तो पिवळा पडलेला — तुला वाटलं कसला तरी अभ्यासक्रम आहे. पुढं कळलं तुला, रडलीस, मग दीडच वर्ष, तेही कोठारात बसून, म्हटल्यावर गप्प झालीस. आणि मी त्याला घेऊन कचेऱ्या केल्या, नोरा. डॉक्टर केले, डोळे तपासले, दात तपासले, मुलाखतीला बाहेर बाकावर मी बसले. तीन महिने उत्तरेला भाषा शिकायला पाठवलं त्याला — ब्राझीलचा एक, फ्रान्सचा एक, कुठला एक दक्षिण आफ्रिकेचा, सगळे एकमेकांशी खाणाखुणा करताहेत, आणि आपला आशेर त्यांना 'चल बे' शिकवतोय. अजून ती पोरं मला भेटली की 'चल बे आत्या' म्हणतात.

आणि गंमत ऐक. गंमत कसली, मला तर रात्री झोप लागली नाही. इकडे अशा पोरांना 'एकटा सैनिक' म्हणतात. ज्याचे आईबाप या देशात नाहीत तो एकटा. त्याला जास्तीचा भत्ता, महिन्यातून एक दिवस कामांसाठी सुट्टी, वर्षातून महिनाभर आईकडं जायला रजा. तर भरतीच्या कचेरीतली ती पोरगी, एकोणीस वर्षांची, नखं रंगवलेली, मला विचारते — तुम्ही कोण? मी म्हटलं, आत्या. त्याच्या बापाची सख्खी बहीण. माझ्याकडंच राहतो, माझ्याकडं जेवतो, कपडे मी धुते — मग हा एकटा कसा? तर ती माझ्याकडं न बघता म्हणाली, आत्या मोजत नाहीत. आणि कागदावर शिक्का मारला. 'एकटा.' माझ्यासमोर! आई चार हजार किलोमीटरवर बसलेली, तिला मोजतात. आत्या इथं बाकावर बसलीय, तिला मोजत नाहीत.

नाही, रागावले नाही मी. तेव्हा रागावले असेन. आता नाही.

पण कुणी मोजो न मोजो, दीड वर्षं मीच केलं ना? तू विचार ना खालच्या बाईला, रोझाला, शुक्रवारी तीनला कपडे आले की शनिवारी तारे दिसेपर्यंत मी हात लावू शकत नाही, आणि रविवारी पहाटे पाचला त्याची बस. मधल्या तेवढ्या वेळात धुवायचे, वाळवायचे, इस्त्री करायची. आणि मातीचे ते कपडे, घामाचे, बंदुकीच्या तेलाचे डाग — ते असेतसे निघत नाहीत, आधी भांड्याचा साबण चोळायला लागतो. तुला माहीत आहे का हे? नाही ना? कसं असणार. आणि शिक्षण संपून सैनिकाची ती टोपी मिळाली त्याला त्या दिवशी कोण होतं? साठ किलोमीटर चालून आली होती ती पोरं, पाठीवर सामान, एकाला तर स्ट्रेचरवर घालून आणत होते आळीपाळीनं, आणि सगळ्यांच्या आया तिथं टेकडीवर डबे घेऊन उभ्या. मी पण. चपात्या आणि अंड्याचा पोळा. तो वर आला तेव्हा पाय असे टाकत होता, आणि माझ्या गळ्यात पडला, आणि तो अधिकारी बाजूनं जाताना म्हणाला, आई ना तुम्ही? मी म्हटलं, हो. म्हटलं मी. घे, सांगितलं तुला. एकदाच म्हटलं, आशेरला ऐकू गेलं नाही.

काय झालं? अशी का बघतेस?

कोठारात — हो, कोठारातच आहे, मी कुठं — अगं, कोठारातल्या पोरांनाही चालवतात थोडंफार. थोडंफार म्हणजे — साठ म्हणाले का मी? सहा म्हणायचं होतं. इथं सगळ्यांनाच — स्ट्रेचर ते असंच, सराव म्हणून. नोरा, बस. कुठं निघालीस? त्या खोलीत नको, म्हटलं ना तुला पसारा आहे! नोरा! —

— बरं. बघितलंस. बघितलंस ना आता. लाल बूट, टोपी, तो बंदूक घेतलेला फोटो. मी मघाशी टॅक्सीचा आवाज ऐकला तेव्हाच तो फोटो काढून ठेवायला हवा होता, पण तू जिने भराभर चढलीस. पाय सुजले असून. ये, बाहेर ये. तिथं उभी राहू नकोस, त्याच्या बिछान्यावर हात ठेवून. मी सांगते.

तो लढणाऱ्यांत आहे. पहिल्यापासून. चौदा महिने झाले. कोठारात तो एक दिवसही नव्हता.

ओरड ना, ओरड, तुला हक्क आहे. पण मला एक सांग — मी कसं पाठवलं? मी कोण पाठवणार? आत्याच्या सहीला विचारतं कोण! एकुलता एक मुलगा असला तर त्याला लढाईच्या तुकडीत घालतच नाहीत इथं, आईबापांनी लिहून दिल्याशिवाय. सही तुझी आहे. हो, तुझी. आठवतोय तो कागद? मी पोस्टानं पाठवला होता, पेन्सिलीनं फुल्या करून, इथं सही कर, इथं तारीख घाल, आणि नोटरीवाल्या वकिलाचा शिक्का घेऊन परत पाठव. खोलीच्या भाड्याचा कागद म्हणून सांगितलं होतं. हो, मीच सांगितलं. आणि त्या वकिलाला काय कळणार हिब्रू, त्यानं सही बघितली आणि शिक्का मारला.

पण तू वाचलास ना तो कागद! तू वाचलास, नोरा. तू अडाणी आहेस का? मला फोन केलास आणि म्हणालीस, थांबा मिलकाताई, वाचून दाखवते, चूक झाली तर सांगा — आणि वाचलास, अक्षर न् अक्षर, अडखळली नाहीस कुठं. आपल्या वाडवडिलांनी आपल्याला तेवढंच तर शिकवलं, उजवीकडून डावीकडं घडाघडा वाचायचं, सिनेगॉगमध्ये कुणी नावं ठेवता कामा नयेत — अर्थ गेला तेल लावत. मलाही इथं येईपर्यंत कुठं कळत होतं? तू तर चालीवर वाचत होतीस, शब्बाथच्या प्रार्थनेच्या चालीवर, सरकारी कागद! मी इकडे फोन कानाला लावून या खुर्चीत, आणि तू तिकडून म्हणतेयस — तुझ्याच तोंडानं — की माझा एकुलता एक मुलगा मी स्वखुशीनं देते. आणि मध्येच थांबलीस. आठवतं? म्हणालीस, "अहो, हा शब्द माझ्या ओळखीचा आहे. याहीद. हा रोश हशानाला, नव्या वर्षाला वाचतात ना, बाप पोराला बळी द्यायला डोंगरावर घेऊन जातो, लाकडं पोराच्याच पाठीवर, तिथला आहे हा. भाड्याच्या कागदात हा कशाला?"

याहीद म्हणजे एकुलता एक, मला माहीत होतं. तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हा सांगितलं असतं तर आज — पण मी म्हटलं, अगं, सरकारी भाषा जुनी असते, असले शब्द असतातच. आणि तू म्हणालीस, हो का, बरं. आणि पुढं वाचलंस. चालीवर.

का केलं म्हणजे? त्याला जायचं होतं म्हणून केलं! माझ्या पायाशी बसला होता तो, आत्या, आई नाही म्हणेल, मला कोठारात डबे मोजत बसवतील, मी एवढ्या लांब डबे मोजायला आलो का? तो तुला स्वतः विचारणार होता, फोन हातात घेतला होता त्यानं. मीच म्हटलं, तू नको, मी बोलते आईशी, बायकांचं बायकांना कळतं. त्याला वाटलं, मी तुला समजावलं. त्याला अजून तेच वाटतं. त्याला काही माहीत नाही, नोरा, त्याला बोल लावू नकोस. आणि मग मी त्याला सांगितलं की आईनं सही दिलीय पण एका अटीवर — त्यातलं काही तिच्यापाशी बोलायचं नाही, तिला सोसवत नाही, फक्त जेवलास का, झोपलास का एवढंच बोलायचं. आणि तुला सांगितलं की तिथल्या पोरांना कामाचं बोलायची बंदी असते, विचारू नकोस. चौदा महिने तुम्ही मायलेकरं आमटी आणि भातच बोलताय. मी इथं भांडी घासत ऐकायची. त्या एप्रिलमध्ये घसा बसलाय म्हणून तीन दिवस फोन नव्हता ना — घसा नव्हता बसला. गाडी उलटली होती. खांद्याला नऊ टाके. आता बरा आहे, हात वर जातो, सगळं करतो! मी तीन दिवस तिथं दवाखान्यात होते, खुर्चीवर. तेव्हा मी तुझा नंबर लावला होता, खोटं नाही सांगत, दोनदा लावला, आणि घंटा वाजायच्या आधी बंद केला.

आणि खरं विचारशील तर — विचारतेयस ना — त्याला जायचं होतं हे एक झालं. कोठारात गेला असता तर तेल अवीवकडे कुठं तरी ठेवला असता, त्या ब्राझीलवाल्यांबरोबर खोली घेऊन राहिला असता, महिन्यातून एकदा तोंड दाखवलं असतं. त्या तुकडीचा तळ इथून तासावर आहे. म्हणजे दर पंधरा दिवसांनी शुक्रवार माझा. बास, एवढंच. तू मला राक्षसीण समजशील. या जिन्यात बघ वर-खाली — रोझाची तीन पोरं गेली, समोरच्या मोरोक्कोवाल्यांची पाच, गॅलरीत हिरवे कपडे वाळत घातलेले, आणि आया एकमेकींना ओरडून सांगतात, माझा आला, तुझा आला का? चाळीस वर्षं मी त्यांच्यातून भाजीची पिशवी घेऊन वर आलेय. मला कुणी विचारत नाही, तुझा आला का. त्या आया रात्र रात्र रडतातही गं, ते पण बघितलंय, खालच्या मजल्यावर एक फोटो आहे हार घातलेला. आणि सीमेपलीकडचीही आयांचीच पोरं — हो, ते कळतं मला, नको सांगूस, बातम्या लागल्या की पहिल्यांदा आवाज बंद करणारी मीच. सगळं कळत होतं. तरी मला माझ्या दोरीवर ते कपडे हवे होते.

जळते मी तुझ्यावर. घे. पनवेलच्या त्या लग्नापासून जळते. मला वाटलं, या एका कागदानं पोरगा माझ्याकडं वळेल. आणि झालं काय माहितेय? त्या कागदाची प्रत त्यानं पाकिटात ठेवलीय, घडी घालून, तुझ्या सहीची. त्या टेकडीवर, माझ्या हातची चपाती खाता खाता, सगळ्या पोरांना काढून दाखवली. म्हणाला, माझ्या आईला मी एकटाच आहे, वडील नाहीत, तरी तिनं सही दिली, असं काळीज कुणाच्या आईचं असेल तर सांगा. ती फ्रान्सची, ब्राझीलची पोरं तुझी सही बघताहेत — आणि मी हातात रिकामा डबा धरून उभी. खोटं मी बोलले, पाप मी घेतलं, आणि मोठी तू झालीस. मी दीड वर्षं डाग काढले, आणि त्याच्या पाकिटात तू.

बोल मला काय हवं ते. थोबाडीत मार.

काय बघतेस — तो? फ्रिजवर लावलाय तो कागद? तो काही नाही. नोरा, तो राहू दे, तो — बरं, काढ. काढलासच. तोच आहे, तसलाच. आणखी एक वर्ष थांबायचंय त्याला. परत तुझी सही लागते. दोन आठवड्यांपूर्वी माझ्या हातात दिला, आत्या, आईला पाठव, ती देईलच. तो निघून गेला, आणि कागद पोस्टात मला टाकायचा होता. मी नाही टाकला. पाकीट आणलं, तिकीट लावलं, पत्ता लिहिला, ते बघ त्या खणात आहे पाकीट. परत तू फोनवर वाचशील, आणि मला ऐकावं लागेल — एवढंच मनात येत होतं. मला तो इथं हवाय, मला त्या खांद्याचे टाके दिसतात, दोन्ही एकदम होतं. मग लावून ठेवला फ्रिजवर. रोज दूध काढताना दिसायचा.

मराठीत? आत्ता? नोरा, काय करायचंय — बरं. दे इकडे. चष्मा कुठं — डोक्यावरच आहे. ऐक. "मी, खाली सही करणारी, सदर सैनिकाची आई. माझा हा मुलगा एकुलता एक आहे. त्याला लढणाऱ्या तुकडीत ठेवू नये असं मी सांगू शकते, तसा मला अधिकार आहे. तो अधिकार मी सोडते. तो कुठं जाईल, त्याचं काय होऊ शकेल, हे सर्व मला —" हे पुढचं काही विशेष नाही. नमुन्यातलंच. वाचते, वाचते, ओढू नकोस. "हे सर्व मला, मला समजेल अशा भाषेत, समजावून सांगण्यात आलं आहे."

एवढंच आहे. खाली सहीची जागा.

— उठलीस? कुठं? अडीचच झालेत. बस कधी कधी पाच मिनिटं आधी येते, पण — कागद घेऊन चाललीस? नोरा, पेन कशाला घेतेस? सही करणारेस का फाडणारेस त्याच्यासमोर? सांग तरी! मला नाही सांगणार. नको सांगूस, बरोबर आहे. मी कोण विचारणारी.

थांब, चप्पल बदल, ही नको, रस्ता तापलाय. खाली उतरलीस की उजवीकडं, शाळेची भिंत संपते तिथं थांबा आहे. मी दर वेळी अर्धा तास आधी जाऊन बसते, सावलीची बाजू डावीकडची. तो मागच्या दारानं उतरतो, पुढच्या नाही, पाठीवर एवढं मोठं ओझं असतं म्हणून. उतरला की इकडेतिकडे बघतो आधी, मी दिसेपर्यंत हसत नाही. आणि उजव्या खांद्याला लगेच मिठी मारू नकोस, डावीकडून मार. मग काय सांगायचं ते सांग. आत्यानं केलं म्हण. सगळं सांग. तो वर आला नाही तर — तर यांना पाठवीन त्याचे कपडे घेऊन. धुतलेले आहेत.

मी नाही येत. मला आमटी बघायचीय. अशी उभी काय राहिलीस दारात, जा ना! दीड वर्षात पहिल्यांदा तो उतरेल आणि मी नसेन तिथं — बघू नकोस माझ्याकडं, जा म्हणते ना, बस येईल, जा —